स्कूटरीचा पट्टा आणि चिखलदऱ्याचा घाट

वऱ्हाडच्या मुलुखाला पट्टा आणि पुली यांची ओळख आजची नव्हे. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग या मुलुखातून नागपूरपर्यंत पोहोचला, १८७० साली खामगावच्या कापूसबाजारासाठी स्वतंत्र फाटा निघाला, आणि पुढे अकोला, अमरावती, खामगाव अशा बाजारपेठांतून सरकी काढण्याचे जे कारखाने उभे राहिले, त्यांत बाष्पयंत्राची शक्ती प्रथम एका लांबलचक लोखंडी दांड्यावर घेऊन तेथून रुंद, सपाट पट्ट्यांच्या द्वारे एकेका जिनापर्यंत नेली जात असे. त्या पट्ट्यांचा वेग एकदा ठरला म्हणजे ठरला. तो बदलावयाचा तर यंत्र थांबवून पुलीच बदलावी लागे. आज अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बिनगियरच्या पेट्रोल स्कूटरीच्या डाव्या कुशीत जो बोटभर रुंदीचा रबरी पट्टा फिरत असतो, तो मात्र चालता चालता आपल्याखालची पुली लहानमोठी करून घेतो, आणि चालविणाऱ्याला त्याची वार्ताही लागत नाही. यंत्रविद्येतील इतकी चतुर रचना इतक्या सामान्य वाहनात इतक्या निमूटपणे काम करीत असावी, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

या रचनेत फेरफार करून गाडीचा ‘पिकअप’ वाढवून घेण्याची हौस अलीकडे तरुणांत बरीच दिसते, आणि हलके रोलर, कडक स्प्रिंग, निराळ्या खाचांची मागली पुली, असे जिन्नस बाजारात सहज मिळतातही. ही हौस वावगी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु तिच्या मुळाशी पुष्कळदा एक गैरसमज असतो, तो असा की या फेरफाराने इंजिनाची शक्ती वाढते. शक्ती रतीभरही वाढत नाही. पट्टा आणि पुली एवढेच ठरवितात की इंजिनाने कोणत्या गतीने फिरत आपले काम करावे. आणि ती गती आपल्या रस्त्याला, आपल्या ओझ्याला व आपल्या हवेला अनुरूप अशी साधणे, हेच या कामातील खरे कौशल्य होय.

रचना अशी असते. इंजिनाच्या दांड्यावर पुढली पुली बसविलेली असते. तिच्या दोन्ही पाकळ्या उतरत्या असून त्यांतील एक दांड्याशी जखडलेली आणि दुसरी आतबाहेर सरकणारी असते. मागल्या चाकाच्या बाजूला तशीच दोन पाकळ्यांची दुसरी पुली असते, आणि या दोहोंमधून पाचरीच्या आकाराचा, आतून दाते पाडलेला पट्टा फिरतो. पुढल्या पाकळ्या एकमेकींपासून दूर असल्या म्हणजे पट्टा तिच्या खोलात बसतो, तेव्हा पुढली पुली लहान व मागली मोठी ठरते, आणि मागली पुली एकदा फिरण्यास इंजिनाला सुमारे अडीच फेरे घ्यावे लागतात. चढणीला आणि जागेवरून निघताना हेच हवे असते. पुढल्या पाकळ्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, पट्ट्याची लांबी ठराविक असल्यामुळे तो मागल्या पुलीत खाली ओढला जातो, आणि शेवटी मागली पुली इंजिनाहूनही थोडी अधिक वेगाने फिरू लागते. या दोन टोकांच्या मध्ये पायऱ्या नाहीत, एकच अखंड उतार आहे. म्हणून गियर बदलताना बसणारा हिसका या गाडीला ठाऊक नसतो.

ही कल्पना मोटारीत प्रथम यशस्वीपणे आणली ती हॉलंडमधील हुब व्हान डोर्न यांनी. आइंडहोव्हन येथील त्यांच्या दाफ कारखान्याची ‘दाफ ६००’ ही छोटी मोटार १९५८ साली लोकांपुढे आली, आणि तिच्या ‘व्हॅरिओमॅटिक’ नामक पट्टागतीने गियरचा दांडा अनावश्यक करून टाकला. त्याच सुमारास, १९५९ साली, कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए यांनी ‘स्की-डू’ हे बर्फावरून धावणारे हलके वाहन विक्रीस काढले. अशा वाहनांत पुढे हीच पट्टागती रूढ झाली, आणि तिच्या जुळणीचे जितके सूक्ष्म शास्त्र त्या बर्फाळ प्रदेशातील कारागिरांनी रचले, तितके क्वचितच दुसऱ्या कोणी रचले असेल. आपल्याकडे ती लोकप्रिय केली ती पुण्याच्या फिरोदियांनी. १९८४ साली त्यांची किनेटिक व जपानची होंडा यांच्या भागीदारीतून किनेटिक होंडा ही कंपनी उभी राहिली, मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे तिचा कारखाना निघाला, आणि डाव्या मुठीने चार गियर फिरविण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रापुढे बटनाने सुरू होणारी, बिनगियरची, ९८ घनसेंटिमीटरची स्कूटर आली. जुन्या गियरच्या चेतक स्कूटरवर हात बसलेल्या लोकांना ती प्रथम परकी वाटली असल्यास नवल नाही. पण २००१ साली होंडाने अॅक्टिव्हा बाजारात आणल्यानंतर चित्र पार पालटले, आणि आज गियरची स्कूटर पाहावयास मिळणे हाच अपवाद झाला आहे.

आता पुढली पुली उमगून घेऊ, कारण फेरफाराची बहुतेक कहाणी तिच्यातच आहे. सरकत्या पाकळीच्या पाठीमागे सहसा सहा छोटे रोलर आपापल्या उतरत्या खाचेत ठेवलेले असतात. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकणारा राखणदार गोफण गरगरा फिरवितो तेव्हा दगड जसा बाहेर झेप घेऊ पाहतो, तसे हे रोलर पुली फिरू लागताच केंद्रापासून दूर पळू पाहतात, उतारावर चढतात आणि चढता चढता पाकळीला पुढे ढकलतात. या ढकलण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १४ ग्रॅम वजनाचा एक रोलर केंद्रापासून ३ सेंटिमीटरवर असताना इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तो बाहेरच्या दिशेला सुमारे ४ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावतो. फेरे ६००० झाले की तोच जोर चौपट होऊन सुमारे १७ किलोग्रॅमवर जातो. सहांचा मिळून क्विंटलभर जोर झाला. खिशात टाकला तर भार जाणवू नये एवढा जिन्नस, पण गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या या बळामुळे त्याच्या एकेका ग्रॅमला महत्त्व येते.

याच हिशेबातून फेरफाराचा मूळ नियम निघतो. तोच जोर निर्माण व्हावयाचा तर हलक्या रोलरला अधिक वेगाने फिरावे लागेल. म्हणजे पट्टा वर चढण्याची क्रिया उशिरा, अधिक फेऱ्यांवर होईल. १४ ग्रॅमच्या जागी १३ ग्रॅमचे रोलर घातले, आणि बाकी सर्व तसेच ठेवले, तर ६००० फेऱ्यांवर होणारी गोष्ट सुमारे ६२२५ फेऱ्यांवर होऊ लागेल; १२ ग्रॅमचे घातले तर ६४८० च्या आसपास. ११० घनसेंटिमीटरच्या सामान्य स्कूटरीची जी साताठ अश्वशक्ती असते, ती साडेसात-आठ हजार फेऱ्यांच्या घरात मिळते. सबब इंजिनाला त्या दिशेने थोडे वर ठेवले की गाडी चपळ वाटते, आणि याचेच नाव पिकअप. पण त्याच कारणाने सरळ रस्त्यावर इंजिन विनाकारण ओरडत राहते, पेट्रोल अधिक जाते आणि ‘अॅव्हरेज’ घसरते. उलट रोलर जड केले तर पट्टा लवकर चढतो, इंजिन शांत राहते, परंतु चढण लागली की गाडी ओढेनाशी होते.

मागल्या पुलीला लोक कमी लेखतात, ही मला मोठी उणीव वाटते. तिच्या सरकत्या पाकळीवर एक भक्कम स्प्रिंग दाबून बसलेली असते, आणि शिवाय तिच्या नळीत तिरप्या खाचा असून त्यांत छोट्या खिळी अडकविलेल्या असतात. चढण लागून चाकावर भार आला की या तिरप्या खाचांमुळे पाकळ्या एकमेकींकडे पिळल्या जातात, पट्टा मागे वर आणि पुढे खाली जातो, आणि गाडी आपोआप खालच्या गियरमध्ये आल्यासारखी होते. म्हणजे पुढली पुली इंजिनाच्या गतीचे ऐकते आणि मागली पुली रस्त्याच्या भाराचे. या दोघींच्या ओढाताणीत जे ठरते तेच त्या क्षणाचे प्रमाण. स्प्रिंग कडक केली तर पट्ट्याची पकड घट्ट होते आणि चढणीवर गाडी चटकन सावरते, पण पट्टा अधिक चिमटला जाऊन अधिक तापतो. बर्फावरील वाहनांत या खाचांचा कोन बदलता यावा म्हणून तो भागच सुटा व बदलता केलेला असतो. शिवाय तेथे निराळा क्लच नसून पुढली पुलीच उभ्या गाडीत पट्टा सैल सोडते. स्कूटरीत मात्र मागल्या पुलीच्या पाठीला केंद्रोत्सारी क्लच जोडलेला असतो: अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या सुमारास त्याचे जोडे बाहेर फाकून भोवतालच्या ड्रमला धरतात आणि गाडी निघते. निघताना गाडी थरथरत असेल तर दोष बहुधा या जोड्यांचा किंवा गुळगुळीत झालेल्या ड्रमचा असतो, रोलरचा नव्हे. आणि तरीही पुष्कळांचे रोलर अशा वेळी फुकट बदलले जातात.

पर्वतप्रदेशात हिमवाहन चालविणारे लोक उंचीनुसार पुढल्या पुलीतील वजने बदलतात. गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ पाव भागाने विरळ, म्हणून इंजिनही तितके दुबळे. समुद्रसपाटीसाठी नेमलेली जड वजने तेथे ठेवली तर दमलेले इंजिन पट्ट्याला वर ढकलण्यातच गुंतून आपल्या योग्य गतीला पोहोचत नाही. सबब वजने हलकी करावयाची. आता आपल्याकडे पाहा. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाताना तीसेक किलोमीटरच्या वाटेत सुमारे साडेसातशे मीटरची चढण आहे. चिखलदऱ्याची उंची १११८ मीटर. अकोल्याच्या मैदानातून तेथे पोहोचेपर्यंत हवेचा दाब सुमारे नऊ टक्क्यांनी उतरतो. एवढे बहुतेकांच्या ध्यानात येते. पण वऱ्हाडात उंचीखेरीज दुसरेही एक कारण हवेला विरळ करीत असते, आणि ते म्हणजे ऊन. डिसेंबरातील २० अंशांची सकाळ आणि मे महिन्यातील ४५ अंशांची दुपार यांची तुलना केली, तर त्याच अकोल्यात, त्याच टिळक रोडवर, हवेची घनता सुमारे आठ टक्क्यांनी उतरलेली असते. म्हणजे उन्हाळ्यात वऱ्हाडचे अवघे मैदानच, इंजिनाच्या दृष्टीने, चिखलदऱ्याच्या उंचीला जाऊन बसते! ‘थंडीत गाडी बरी पळते, उन्हाळ्यात मरगळते’ या तक्रारीत हे कारण पुष्कळ अंशी दडलेले आहे. आणि तेवढ्यासाठी रोलर बदलत बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण चार महिन्यांत हवा पुन्हा पालटते.

उन्हाचा दुसरा घाव थेट पट्ट्यावर होतो, आणि तो अधिक गंभीर आहे. पट्टा रबराचा असतो, त्याच्या पोटात मजबूत धाग्यांचा गाभा असतो, आणि दर फेऱ्याला तो दोनदा वाकतो व सरळ होतो; या वाकण्याने आणि पाकळ्यांवरील किंचित घसरण्याने त्याच्या अंगात उष्णता निर्माण होते. पट्ट्याच्या अंतर्गत तापमानात सुमारे दहा अंशांची वाढ झाली की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा पट्टे बनविणाऱ्यांचा एक स्थूल ठोकताळा आहे. बर्फावरील वाहनाला ही उष्णता काढून देण्यासाठी भोवताली गोठलेली हवा असते. आपल्या पट्ट्याला वैशाखातील झळ मिळते. स्कूटरीच्या पुढल्या पुलीच्या स्थिर पाकळीला म्हणूनच पंख्यासारखी पाती कोरलेली असतात, आणि ती बाहेरची हवा ओढून पट्ट्याच्या कोठडीतून फिरवितात. काही गाड्यांत या हवेच्या वाटेवर स्पंजाचा गाळणा असतो. काळ्या मातीची धूळ, आणि जिनांच्या परिसरात तर हवेत तरंगणारे रुईचे तंतू, यांनी ही वाट हळूहळू बुजते, आणि मग पट्ट्याचा रंग, वास व आवाज बदलू लागतो. माझे स्पष्ट मत असे की वऱ्हाडात पट्टागतीची सर्वांत मोलाची ‘सुधारणा’ ही हवेची वाट मोकळी ठेवणे हीच आहे. ती जवळजवळ फुकट होते आणि तिचा लाभ बारा महिने मिळतो.

त्याखालोखाल येते ती झीज. रोलर झिजताना गोल राहत नाहीत. एका बाजूने चपटे होतात आणि खाचेत अडखळू लागतात, त्यामुळे गाडी ठराविक वेगावर अडून पुढे झटका देते. पट्टा झिजताना रुंदीने कमी होतो. अरुंद झालेला पट्टा पुढल्या पुलीत पूर्वीइतका वर चढू शकत नाही, आणि गाडीचा कमाल वेग मुकाट्याने घटतो. ज्याला आपली गाडी जुनी झाली म्हणून मंदावली असे वाटते, त्याने प्रथम व्हर्नियर कॅलिपरने पट्ट्याची रुंदी मोजून उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. जे मूळचे आहे ते मापात आणल्यावाचून नवे वजन घालणे म्हणजे कोणता परिणाम कशामुळे झाला हे कधीच न कळणे होय.

काम करताना मिस्त्रीच्या हाताची पारख ज्या ठिकाणी होते, ते ठिकाण पुढल्या पुलीची नट घट्ट करण्याचे. पट्टा मागल्या पुलीत नीट खोल दाबून पुढे सैल करून घेतला नाही, तर तो पुढल्या दोन पाकळ्यांमध्ये चिमटला जातो. नट आवळल्यासारखी वाटते, पण ती पाकळीवर नव्हे तर रबरावर आवळलेली असते, आणि चार फेऱ्यांत ढिली पडून दांड्याचे दाते खाऊन टाकते. पाकळ्यांच्या पट्टा फिरतो त्या बाजूंना तेल किंवा ग्रीसचा लवलेशही लागता कामा नये. हाताचे तेलकट बोट लागले तरी पुसून घ्यावे. रोलरची बंद बाजू कोणत्या दिशेला ठेवायची हे पुस्तिकेत दिलेले असते आणि त्याला महत्त्व आहे. क्लचच्या जोड्यांची भुकटी मात्र हवेच्या नळीने फुंकून उडवू नये, ती श्वासावाटे छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी, आणि तोंडावर रुमाल बांधावा. गॅरेजात दिवसभर बसणाऱ्या पोरांच्या बाबतीत हा बंदोबस्त कोणी करीत नाही, आणि तो व्हायला हवा.

पट्टागतीचा हा संसार स्कूटरीपुरताच नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पंजाबकडून वऱ्हाडात उतरणाऱ्या हार्वेस्टरांपैकी अनेकांत गाडीची चाल कमीजास्त करण्यासाठी अशाच उतरत्या पाकळ्यांच्या पुल्या असतात, फक्त तेथे त्यांना रोलर नव्हे तर चालकाच्या हातातील दांडा तेलाच्या दाबाने हलवितो. पीक दाट लागले की तो चाल कमी करतो आणि इंजिनाची गती मात्र तीच राहते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’ नामक स्पर्धेसाठी ज्या उघड्या चौकटीच्या गाड्या बांधतात, त्यांतील पेट्रोल इंजिनाच्या गटात सर्वांना ठरवून दिलेले सारखेच इंजिन वापरावे लागते. इंजिन बदलण्याची मुभा नसल्यामुळे चढाओढ उरते ती शक्ती चाकापर्यंत नेण्याच्या कौशल्याची, आणि तेथे हिमवाहनाच्या जातीची पट्टागती घेऊन वजने व स्प्रिंगा यांच्या जोड्या लावीत पोरे रात्ररात्र बसतात. पट्टागती शिकावयाची तर याहून चांगली शाळा नाही.

कायद्याविषयी थोडेसे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या दस्तऐवजातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिनाची क्षमता वाढविणे या तरतुदीखाली सरळसरळ येते. रोलरचे वजन हा काही नोंदणीपुस्तकात लिहिलेला तपशील नव्हे. परंतु गाडीची हमी अजून चालू असेल, तर बाहेरचे भाग घालण्यापूर्वी तिच्या अटी वाचून घ्याव्यात.

मग वऱ्हाडातील माणसाने करावे काय? अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करीत अमरावतीला जाणाऱ्याचा रस्ता जवळजवळ सपाट आहे; याच राष्ट्रीय महामार्गाचा ७५ किलोमीटरचा एकपदरी पट्टा २०२२ च्या जून महिन्यात सलग १०५ तास ३३ मिनिटे काम करून डांबराने घडविला गेला आणि त्या विक्रमाची जागतिक नोंद झाली. अशा रस्त्यावर एकसारख्या गतीने जाणाऱ्याला मूळ वजनाचेच रोलर योग्य. तेथे हलके रोलर म्हणजे निव्वळ पेट्रोलचा अपव्यय. परतवाड्यात राहणारा, आठवड्यातून दोनदा पाठीमागे माणूस आणि पुढे पिशवी घेऊन चिखलदऱ्याच्या वाटेवरील मोथ्याची चढण चढणारा जो असेल, त्याने मात्र पट्टा, जोडे व हवेची वाट निर्दोष असल्याची खात्री करून, प्रत्येक रोलर एक ग्रॅमने हलका करून पाहण्यास हरकत नाही, आणि एका वेळी एवढाच बदल करावा. स्पार्क प्लगच्या तारेभोवती गुंडाळण्याचा फेरे मोजणारा छोटा मापक घेऊन, बदलापूर्वी व बदलानंतर, त्याच वळणावर, तेवढ्याच ओझ्याने, थ्रॉटल पूर्ण उघडून फेरे टिपून ठेवावेत. ते उत्पादकाने दिलेल्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या आकड्याच्या किंचित खाली स्थिर राहिले तर थांबावे. त्याच्या पलीकडे गेले तर रोलर गरजेपेक्षा हलके झाले असे समजून अर्धा ग्रॅम परत घ्यावा. सहाही रोलरांचे वजन सोनाराच्या काट्यावर एकदा पडताळून घेतले तर फारच उत्तम, कारण बाजारातल्या एकाच डबीतील रोलर नेहमीच सारख्या वजनाचे निघतात असे नाही.